साताऱ्याची तळी आणि परतीचा चढ

मिरजेच्या एका सायकलवाल्याचा प्रश्न आहे. आठ महिन्यांपूर्वी रोड बाइक घेतली, दर रविवारी सांगली-मिरजेच्या आसपास ५०-६० किलोमीटर होतात, सरासरी ताशी २४-२५ ची पडते. जानेवारीत शनिवार-रविवार धरून तिघे मित्र साताऱ्याला येणार आहेत, पाण्याकाठचे चढउताराचे रस्ते हवेत. नकाशावर सातारा ते बामणोली ३६-३७ किलोमीटर दिसतं, म्हणजे जाऊन-येऊन ७५. "साडेतीन तासांत होईल ना, की आणखी लांबचा रूट सुचवाल?" सायकलला पुढे ५०-३४ दातांची चक्रं, मागे ११ ते २८ दातांची, रिम ब्रेक (चाकाच्या कडीला घासून थांबवणारे) आणि २५ मिलिमीटरचे टायर, हेही त्यांनी लिहिलंय. ते लिहिलं हे बरं झालं, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे.

साडेतीन तासांत होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझं साताऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि पावसाळा सोडला तर बहुतेक रविवारी मी पाच-दहा जणांना घेऊन बाहेर पडतो. त्यात सांगली, बारामती, सोलापूरकडची सपाटीची मंडळी नेहमी असतात. पाय भक्कम, दम चांगला, पण हिशेब किलोमीटरचा. आमच्याकडे हिशेब मीटरचा करावा लागतो, आणि तोही उभ्या मीटरचा.

सरासरीचंच बघा. १० किलोमीटर चढ ताशी १० ने चढलात तर एक तास गेला. तेच १० किलोमीटर ताशी ३० ने उतरलात तर २० मिनिटं. बरेच जण म्हणतात सरासरी २० ची झाली. नाही झाली. २० किलोमीटरला ८० मिनिटं लागली, म्हणजे १५ ची. चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघत नाही, कितीही सोडलीत तरी. म्हणून तुमच्या २४-२५ च्या आकड्याला इथे फारसा अर्थ नाही. नवा माणूस तासाला ४००-५०० मीटर उंची चढतो, तो आकडा धरून चाला.

पण तुमची खरी अडचण एकूण चढ ही नाहीच. तो चढ दिवसाच्या कुठल्या भागात येतो, ही आहे. सिंहगडाला सायकलवाले जातात तेव्हा दमलेला माणूस वर पोचतो आणि परत नुसता घसरत येतो. डोंगरावरच्या देवळाचंही तसंच. पाण्याचं उलटं असतं, पाणी खड्ड्यात साठतं. तिथे जाताना तुम्ही हसतखेळत उतरता, फोटो काढता, खाता-पिता, आणि मग ऊन चढल्यावर, पोट भरल्यावर, दिवसाचा सगळ्यात मोठा चढ समोर उभा राहतो.

बामणोली हे याचं नमुनेदार उदाहरण. सातारा शहर समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या थोडं वर. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढलात की पेट्रीवरून वरखाली करत कासचं पठार येतं, ते १,२०० मीटरच्या आसपास. पुढे कास तलाव. तिथून रस्ता कोयनेच्या खोऱ्यात कोसळतो, तो थेट शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठी बामणोलीत. कोयना धरण काठोकाठ भरलं तरी पाण्याची पातळी २,१६३ फूट, म्हणजे ६५९ मीटर. आता लक्षात आलं? तुम्ही डोंगर ओलांडून, निघालात त्याच्याही खाली जाऊन पोचता. परतताना बामणोली ते कास हा १०-१२ किलोमीटरमध्ये साडेचारशे मीटरचा चढ पुन्हा काढायचा, तोही ४० किलोमीटर झाल्यावर. मधल्या लहानसहान चढउतारांसह माझ्या घड्याळात हा पूर्ण फेरा १,२०० मीटरच्या पुढेच दाखवतो. तुमच्या आत्ताच्या सरावाला सहा तास सायकलवर धरा, थांबे वेगळे.

दोन वर्षांपूर्वी असाच एक तगडा गडी आमच्यात होता. सपाटीवर तो माझ्या पुढे अर्धा किलोमीटर असायचा. यवतेश्वर त्याने पुढच्या मोठ्या चेनरिंगवर, म्हणजे जड गिअरवर, दात-ओठ खात काढला. दहा वाजता बामणोलीत मासे आणि भात हाणला, सव्वाअकराला आम्ही परत निघालो. दुसऱ्याच किलोमीटरला तो सायकलवरून उतरला. उतरला म्हणजे काय, बुटाचं पायडलमध्ये अडकणारं क्लीट सुटेना म्हणून दरडीच्या अंगाला आडवाच झाला. दोन्ही मांड्यांत गोळे आलेले. बूट काढून मी पाय ताणून धरला तर मांडीचा स्नायू कातडीखाली उंदरासारखा धावत होता. अर्धा तास सावलीत बसवला, मीठ-साखर-पाणी पाजलं, शेवटी दुधाच्या टेम्पोत सायकल टाकून त्याला साताऱ्याला पाठवला. दमाने तो कमी नव्हता. गिअर चुकला, जेवण चुकलं आणि चढाची वेळ चुकली.

गिअरचं तेवढं सविस्तर सांगतो, कारण तुमचा सगळ्यात हलका गिअर ३४-२८ आहे, म्हणजे पुढे ३४ दात, मागे २८. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे तसा सावकाश कॅडन्स धरला तरी ताशी नऊच्या वर वेग पडतो. ८ टक्क्यांच्या चढावर माणूस, सायकल, पाणी मिळून ८८ किलो त्या वेगाने वर न्यायला १९० वॅटच्या आसपास ताकद लागते. आठ महिन्यांच्या सरावावर तासभर तेवढी ताकद टिकत नाही. मग माणूस काय करतो? कॅडन्स ४०-४५ वर आणतो, उभा राहून रेटतो, आणि गुडघ्यावर येतं. मागे ३२ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) टाकली की त्याच ६० फेऱ्यांना वेग ताशी ८ वर येतो आणि ताकद १६५ वर. फरक २५ वॅटचा दिसतो, पण दीड तासाने तोच फरक चालत वर जाणं आणि पायडल मारत वर जाणं यातला ठरतो. फक्त तुमचं रिअर डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) छोट्या केजचं असेल तर ३२ बसेलच असं नाही. दुकानात सायकल नेऊन विचारा, चेनची लांबीही बदलावी लागेल. हा खर्च हलक्या चाकांच्या खर्चापुढे काहीच नाही, आणि चाकांपेक्षा शंभर पट उपयोगी आहे. (चाकं विकणाऱ्याने हे लिहिलंय, हे लक्षात घ्या.)

टायरमधल्या हवेचंही सांगतो. सपाटीची पोरं २५ च्या टायरमध्ये ११०-१२० पीएसआय भरून येतात, दगडासारखं टणक. गुळगुळीत रस्त्याला ते चालून जातं. आमच्याकडे डांबर उखडून खडी वर आलेली असते, त्यावर टणक टायर पुढे जायचं सोडून वर उडतो, आणि उडण्यात गेलेली ताकद तुमचीच असते. तुमचं वजन ७० च्या घरात असेल तर पुढे ८५, मागे ९० पुरे. फ्रेममध्ये २८ चा टायर मावत असेल तर तोच घाला.

आता रस्ते.

तुमच्या शनिवारसाठी माझी पहिली पसंती कण्हेरच्या काठाने मेढ्याला. साताऱ्यातल्या मोळाच्या ओढ्यावरून निघायचं, मेढा २५ किलोमीटरच्या आसपास, जाऊन-येऊन ५०. कण्हेरचं धरण वेण्णा नदीवर आहे. महाबळेश्वरला ज्या वेण्णा तलावात लोक होड्या फिरवतात, त्याच नदीचं पाणी डोंगर उतरून इथे साठतं. रस्ता खोऱ्यातूनच जातो, त्यामुळे एकही चढ असा नाही की ज्याची धास्ती घ्यावी. पण सपाटही कुठे नाही. डोंगराची एकेक सोंड पाण्यापर्यंत उतरत आलेली, तिच्यावर चढायचं, पलीकडे उतरायचं, ओढ्यावरचा पूल, पुन्हा चढ. तुम्ही विचारलंय तो चढउताराचा पाण्याकाठचा रस्ता हाच. अशा रस्त्यावर एक खोड सोडावी लागते, प्रत्येक चढ जोर मारून काढायची. तिसाव्या चढाला पाय हिशेब मागतात. उताराचा वेग चढावर जितका चालेल तितका चालू द्या, वेग मरायच्या आधी दोन गिअर खाली टाका आणि बसूनच चढा.

इथे अडचण वाहतुकीची. शनिवारी सकाळी नऊनंतर महाबळेश्वरच्या गाड्या याच रस्त्याने सुटतात. म्हणून उजाडताच निघा, मेढ्यात नाश्ता करा आणि साडेनऊपर्यंत परतीला लागा. जानेवारीत पाण्यावर धुकं असतं, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. मेढ्याच्या पुढे केळघर आणि मग घाट लागतो. मित्र म्हणतील, इथवर आलोच आहोत तर. ऐकू नका.

धोमचा रस्ता त्याहून शांत आहे, आणि खरं सांगायचं तर मला जास्त आवडतो. पण त्यासाठी गाडीत सायकली घालून वाईला जावं लागेल. हायवेने साताऱ्याहून वाईला सायकलवर येऊ नका. जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, स्पीकरवर गाणी. ट्रॉलीतून पडलेलं कांडं चाकाखाली आलं तर २५ चा टायर त्यावरून जात नाही, घसरतो. तो एकदा घसरलाय, त्याची खूण माझ्या कोपरावर आहे. वाईतून मेणवलीपर्यंत सगळं सरळ. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे, घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली मोठी घंटा बघून घ्या. पुढे धोम गावात नृसिंहाचं देऊळ, मग धरण, आणि मग जलाशयाच्या कडेने खेड्यांचा अरुंद रस्ता. डांबर जिथवर बरं वाटेल तिथवर जा आणि वळा. या रस्त्याला ठराविक शेवट नाही, हाच त्याचा गुण. दम संपला की मागे फिरता येतं आणि परतीला डोंगर आडवा येत नाही. पसरणीचा घाट इथून जवळच आहे, पाचगणीपर्यंत दहा-बारा किलोमीटर, चढ मोठा पण एकसारखा. घाट शिकायला त्याच्याइतका सभ्य घाट नाही, फक्त तिथे पाणी मागे पडतं आणि तुम्ही मागितलंय पाणी.

तिसरा रस्ता ठोसेघरचा. बोगद्यातून परळीच्या बाजूला, सज्जनगडाच्या अंगाने वर. इथे उरमोडी धरणाचं पाणी तुम्हाला काठावरून नाही, उंचावरून दिसतं, वळणावळणाला थोडं थोडं जास्त. चढ सगळा जाताना, परतीला उतार, म्हणजे मघाशी म्हटलं त्या हिशेबाने शहाण्या माणसाचा रस्ता. ठोसेघर साधारण २५ किलोमीटर. पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि त्या तिथे उगाच बसवलेल्या नाहीत. समोरचा वारा असेल तर सपाटीवरही चढ चढल्यासारखं होतं. धबधब्याची अपेक्षा जानेवारीत ठेवू नका.

मग कासचं काय? रविवारी कास जरूर करा, पण तलावापर्यंतच. जाऊन-येऊन ५०-५२ किलोमीटर, मोठा चढ सकाळच्या गारव्यात आणि ताज्या पायांवर येतो. यवतेश्वरच्या पहिल्या दोन वळणांत मान खाली घालून सगळ्यात हलका गिअर टाका, शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने चला. बोलताना वाक्य तुटायला लागलं की कमी करा. घाट संपल्यावर लोकांना वाटतं झालं. पण तिथून तलावापर्यंत वरखाली चालूच असतं, तिथे पाय शिल्लक लागतात. पहाटे काळोखात निघू नका, त्या रस्त्यावर गवे येतात. गव्याला हेडलाइटचं कौतुक नसतं. फुलांच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुट्टीच्या वारी, हा रस्ता सायकलचा राहत नाही. जानेवारीत तो प्रश्न नाही.

तुमच्यातला एखादा बामणोलीचा हट्ट धरेलच. त्याला अट घाला. नऊच्या आत कास तलाव, दोन बाटल्यांपैकी एक भरलेली, आणि मांडीत कुठेही ओढ नाही. तिन्ही असेल तर जा, नाहीतर दुसरी सोय म्हणजे तिघांपैकी एकाने गाडी घेऊन बामणोलीत थांबायचं आणि परत गाडीतून यायचं. यात कमीपणा काही नाही. मी स्वतः पाहुण्यांना घेऊन असंच करतो. पायांत बळ आल्यावर आणखी एक भारी बेत आहे, बामणोलीहून लाँचमध्ये सायकल टाकून तापोळ्याला आणि तिथून महाबळेश्वर, सरळ ७०० मीटर चढ. लाँचवाल्याशी आदल्या दिवशी बोलून घ्यावं लागतं. तो पुढच्या वर्षीचा विषय.

बामणोलीचा उतार मात्र चढाइतकाच जपून घ्यायचा आहे. वर चढताना घातलेली सगळी मेहनत उतरताना उष्णता होऊन बाहेर पडते, आणि रिम ब्रेक असेल तर ती रिमवर साठते. घाबरलेला माणूस दोन्ही ब्रेक हलके दाबून धरतो, पूर्ण उतारभर. माझ्या पुढे चाललेल्या एकाचा ट्यूब असाच वळणावर फुटला. नशिबाने मागचं चाक. थांबून मी रिमवर बाटलीतलं थेंबभर पाणी टाकलं तर तव्यावर टाकल्यासारखं चर्र झालं. दाबून धरू नका. सरळ पट्ट्यात सोडा, वारा तुमचा निम्मा ब्रेक आहे. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक घट्ट मारून वेग पाडा, वळणात सोडून द्या. मधल्या वेळात रिम निवते. आतल्या बाजूचं पायडल वर, नजर वळणाच्या शेवटाकडे. वळणाच्या आतल्या कडेला कच साठलेली असते, तिथे चाक नेऊ नका. आणि समोरून एसटी येणार हे धरूनच चाला, तिला पूर्ण वळण लागतं. निघायच्या आदल्या दिवशी ब्रेकची रबरं काढून बघा, त्यात अल्युमिनियमचे चमकते कण रुतलेले असतील तर टोचणीने उकरून काढा, नाहीतर ते रिम कापतात.

खाण्याचं तुम्ही विचारलेलं नाही, पण चुकतं तिथेच. चढावर तासाला एक केळं आणि राजगिऱ्याची एक वडी, भूक लागायच्या आधी. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, एका बाटलीत चिमूटभर मीठ आणि लिंबू-साखर. साताऱ्यात आलात म्हणून सकाळीच कंदी पेढे खाऊन घाट चढायला जाऊ नका, खव्याचं वजन घाटात कळतं. पेढे परतल्यावर, हवे तेवढे.

काही गोष्टी मी इथे बसून ठरवू शकत नाही. रस्त्याचं काम कुठे निघालंय हे दर महिन्याला बदलतं, तेव्हा आदल्या संध्याकाळी एखाद्या स्थानिकाला विचारा. पाण्याचंही तसंच. जानेवारीत धरणं बऱ्यापैकी भरलेली असतात, पण हाच बेत मे महिन्यात केलात तर पाणी आत सरकून काठाला भेगाळलेली माती उरते, आणि बामणोलीत लाँचपर्यंत उतरत चालत जावं लागतं. आणि तुमचे दोन मित्र कसे चालवतात हे तुम्ही लिहिलेलं नाही. बेत नेहमी तिघांतल्या हळू माणसाचा करायचा.

मधल्या आठवड्यांत सराव हवा असेल तर मिरजेजवळ दंडोबाचा डोंगर आहेच. चार रविवार तिकडचा चढ बसून, हलक्या गिअरवर, दोनदा-तीनदा काढा. एरवी तुमच्याकडे चढ नाही, पण समोरचा वारा आहे, तासभर वाऱ्याच्या तोंडावर न थांबता चालवणं हा चढाचाच भाऊ. बाकी पाण्याशी तुमची ओळख जुनीच आहे. धोमची कृष्णा, कण्हेरची वेण्णा, उरमोडी आणि कोयनेचं खाली सुटणारं पाणी, सगळं शेवटी सांगलीच्या पुलाखालूनच जातं.

तर शनिवारी मेढा, रविवारी कास तलाव किंवा धोम. यातलं कुठलं, ते शनिवारी रात्री लॉजच्या जिन्यावर ठरवा. खाली उतरताना कुणाचाही हात आपोआप कठड्याकडे गेला तर गाडीत सायकली घाला आणि सकाळी वाईला या.